घरात शिरलेला चोर, हातातलं हत्यार आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरफोडीची बातमी आली की हे प्रश्न हमखास येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच समज असतो: माणूस आपल्या घरात शिरला की त्याचं काहीही करायला आपण मोकळे. भारतीय कायद्यात अशी मोकळीक नाही. मात्र हात बांधून मार खात बसा, असंही कायदा सांगत नाही.

उत्तरं भारतीय न्याय संहिता, 2023 प्रमाणे दिली आहेत. ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची कलमं 96 ते 106 लागतात. या विषयातल्या तरतुदी जवळजवळ जशाच्या तशा नव्या संहितेत आल्या आहेत, त्यामुळे जुने निकालही उपयोगी आहेत. तुमच्यावर गुन्हा दाखल झालाच असेल तर हे वाचत बसू नका, आधी फौजदारी वकील गाठा.

1. घरात चोर शिरला तर मी त्याला मारू शकतो का?

त्याला रोखण्यासाठी बळ वापरू शकता. कलम 34 सांगतं की खासगी संरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती गुन्हा नाही. कलम 35 प्रमाणे हा हक्क स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराच्या रक्षणासाठी आहे. चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेचं मुद्दाम नुकसान) आणि अतिक्रमण यांपासून मालमत्ता वाचवण्यासाठीही तो आहे. म्हणजे शेजारच्या आजींच्या घरात कोणी घुसलं, तर तुम्हीही मध्ये पडू शकता.

मर्यादा कलम 37 मध्ये आहे: बचावासाठी जेवढी गरज तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. हा हक्क संकट थांबवण्यासाठी दिला आहे. शिक्षा देण्याचं काम कोर्टाचं आहे, आणि खाली येणारी जवळजवळ सगळी गुंतागुंत या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होते.

2. समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, अशी वेळ कोणती?

शरीराच्या रक्षणासाठी कलम 38 सात प्रसंग सांगतं. मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने हल्ला, अनैसर्गिक वासनेने हल्ला, पळवून नेण्यासाठी हल्ला, अधिकाऱ्यांकडे दाद मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी हल्ला, आणि अ‍ॅसिड फेकणं किंवा तसा प्रयत्न. शेवटचा प्रसंग 2013 च्या दुरुस्तीने कायद्यात आला.

मालमत्तेसाठी कलम 41 आहे आणि त्यात चारच प्रसंग आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणं अथवा स्फोटक वापरणं, आणि चौथा, साधी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण असलं तरी प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशी परिस्थिती.

यादीत प्रसंग सापडला म्हणजे सगळं माफ झालं, असं मात्र नाही. गरजेपुरतंच बळ ही कलम 37 ची अट या सगळ्या प्रसंगांनाही लागू आहे. रात्री कुलूप तोडून शिरलेला माणूस पहिल्याच फटक्यात बेशुद्ध पडला, तर त्याच्यावर दुसरा वार करायचा हक्क उरत नाही.

3. म्हणजे दिवसा आणि रात्री असा खरंच फरक आहे?

आहे. दुपारी कुलूप तोडून शिरलेल्या, हातात काही नसलेल्या आणि तुम्हाला बघून दचकलेल्या माणसाला जिवे मारण्याचा हक्क केवळ घरफोडीमुळे मिळत नाही. त्याच्याकडून जिवाला धोका आहे असं वाटायला सबळ कारण लागतं. अशा वेळी कलम 42 प्रमाणे मृत्यू सोडून इतर इजा करण्यापर्यंतच हक्क जातो. रात्री माणूस झोपेत असतो, मदत लांब असते, समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. म्हणून कायदा तिथे सैल आहे.

बारकावा असा की 'घरफोडी' म्हणजे नुसतं घरात येणं नव्हे. कुलूप उघडणं, भिंत फोडणं, माणसाने आत यायची जागा नाही तिथून किंवा भिंत चढून येणं, कडी लावलेली वाट उघडणं, कोणाला धाक दाखवून किंवा बळ वापरून आत घुसणं, अशा ठरावीक रीती कलम 330 मध्ये दिल्या आहेत. रात्री दार सताड उघडं होतं आणि कोणी सरळ आत आला, तर ते गृह-अतिक्रमण ठरेल. घरफोडी ठरेलच असं नाही.

4. चोर पळत असेल तर मागून वार केला तर चालतो का?

जिवावर बेतेल असा वार, नाही. जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शरीराच्या रक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. पहिला वार त्याने करायची वाट पाहावी लागत नाही, ही यातली चांगली बाजू. पण तो वळून पळू लागला, गॅलरीतून उडी मारली, कोयता टाकून हात वर केले, की भीतीचं कारण गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे नेमकं सांगितलं. वाद शेताचा होता. विरुद्ध बाजूचे लोक पळू लागल्यावर लांबून गोळ्या झाडल्या गेल्या. हल्ला मोडून निघाला की स्वसंरक्षणाला वाव उरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि आरोपींचा बचाव फेटाळला.

मालमत्तेचं गणित थोडं वेगळं आहे. कलम 43 प्रमाणे चोर माल घेऊन पसार होईपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत हक्क टिकतो. म्हणून पाठलाग करून पिशवी हिसकावणं, त्याला खाली पाडणं, धरून ठेवणं हे बसतं. नुसती चोरी करून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं बसत नाही. रात्रीच्या घरफोडीत हा हक्क घुसखोर घरात असेपर्यंत चालतो. तो घराबाहेर पडला की हे कारण सांगता येत नाही.

5. बळ 'गरजेपेक्षा जास्त' होतं हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

शेवटी कोर्ट. पण थंड डोक्याने, निवांत बसून काढलेलं गणित त्या क्षणाला लावायचं नाही, हे आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीच मान्य केलं आहे.

1952 चा अमजद खान खटला वाचावा असा आहे. कटनीत दंगल उसळली होती. आरोपीचं दुकान आणि घर एकाच इमारतीत. जमावाने त्याच इमारतीतलं भावाचं दुकान आधी लुटलं आणि मग याचं दार काठ्यांनी बडवायला सुरुवात केली. आत बायकामुलं होती. त्याने गोळी झाडली, एकाचा मृत्यू झाला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. दार तुटून जमाव आत येईपर्यंत थांबायची सक्ती त्याच्यावर नव्हती, आणि अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलायच्या नसतात, असं त्या निकालात आहे.

व्यवहारात पाहतात ते असं: समोर किती जण होते, त्यांच्याकडे काय होतं, वार कुठे आणि किती झाले, जखमा पुढून आहेत की पाठीवर, तो पडल्यानंतरही वार चालू होते का. त्याच्याकडे सुरी होती म्हणून तुमच्याकडेही सुरीच हवी, असं काही नाही. पण एका जखमेने माणूस आडवा झाला आणि शवविच्छेदनात पंधरा जखमा निघाल्या, तर उरलेल्या चौदांचा हिशेब मागितला जाणारच.

6. आधी पळून जायला हवं होतं, असं कोर्ट म्हणू शकतं का?

स्वतःच्या घरातून पळ काढणं कायद्याने बंधनकारक नाही. 2010 च्या दर्शन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की हल्ला होत असताना माणसाने भेकडासारखं वागावं अशी अपेक्षा नाही.

मात्र कलम 37 ची एक अट विसरू नका. पोलिसांचं संरक्षण घ्यायला वेळ होता, तर हक्क नाही. 'उद्या रात्री येऊन बघतो' अशी धमकी मिळाली आणि तुम्ही दिवसभर पोलिसांकडे न जाता हत्यार घेऊन दबा धरलात, तर हा बचाव लंगडा पडतो. दार बंद आहे, तो अजून बाहेर आहे, फोन हाताशी आहे, तर 112 लावा. तो फोन तुमच्या बाजूचा पुरावाही असतो.

7. अंधारात कोण आहे ते कळलं नाही आणि घरचाच माणूस निघाला तर?

कायद्याचं उत्तर आधी. सद्भावनेने झालेल्या वस्तुस्थितीच्या चुकीला कलम 17 संरक्षण देतं. 'सद्भावना' म्हणजे पुरेशी काळजी घेऊन. ओरिसा उच्च न्यायालयासमोर राम बहादूर थापा याचं प्रकरण आलं होतं. सोडून दिलेल्या विमानतळावर रात्री हलणारा उजेड आणि सावल्या पाहून त्याला भुतं वाटली, त्याने खुकरीने वार केले, आणि ती गावातली माणसं निघाली. एक बाई गेली. परिस्थिती पाहता चूक खरी होती असं मानून न्यायालयाने त्याची सुटका कायम ठेवली. पण असा निकाल तुमच्या वाट्याला येईल असं धरून चालू नका. दिवा लावता येत होता का, हाक मारता येत होती का, हे विचारलं जातं.

दक्षिण आफ्रिकेत धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने 14 फेब्रुवारी 2013 रोजी बंद टॉयलेटच्या दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. आत त्याची मैत्रीण होती. 2015 मध्ये तिथल्या वरिष्ठ अपील न्यायालयाने त्याला खुनाचा दोषी धरलं. दारामागे कोणीही असो, त्या व्यक्तीकडून हल्ला झालेला नव्हता आणि गोळ्यांनी ती मरेल हे त्याला कळत होतं. अमेरिकेत बॅटन रूजला ऑक्टोबर 1992 मध्ये 16 वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीचं घर समजून चुकीच्या दारात गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला. तो मुलगा परत आला नाही.

त्यामुळे या प्रश्नावर आमचं म्हणणं ठाम आहे. ओळख पटल्याशिवाय वार करू नका. दिवा लावा, मोठ्याने 'कोण आहे?' म्हणा, घरातली सगळी माणसं कुठे आहेत ते आधी बघा. रात्रपाळीहून लवकर परतलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेले वडील, शेजारचं गोंधळलेलं म्हातारं माणूस, अंधारात हे सगळे सारखेच दिसतात. आवाज केल्याने चोर सावध होईल हे खरं. पण सावध झालेला चोर बहुतेकदा पळतो, आणि तेच तर आपल्याला हवं आहे.

8. हक्काची मर्यादा ओलांडली गेली तर थेट खुनाचा गुन्हा?

प्रत्येक वेळी नाही. सद्भावनेने बचाव करताना, आधी काही न ठरवता आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर कलम 101 च्या अपवाद 2 मुळे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. त्याची शिक्षा कलम 105 मध्ये आहे. मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं कैद, आणि हेतू नसून नुसती जाणीव असेल तर 10 वर्षांपर्यंत. सूडाने मारलं असेल तर हा अपवाद लागत नाही.

9. संरक्षणासाठी घरात बंदूक ठेवायची आहे. काय लागतं?

शस्त्र अधिनियम, 1959 खालचा परवाना. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. वय किमान 21. पोलीस चौकशी होते, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि धोका नेमका काय आहे ते सांगावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत 5 वर्षं झाली आहे.

परवाना म्हणजे गोळी झाडायची परवानगी नव्हे, जवळ बाळगायची परवानगी. बारा बोअरची बंदूक असो की काठी, वापराचे नियम तेच (प्रश्न 2 आणि 5). घरात मुलं असतील तर बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. मग ऐनवेळी ती हाताशी येणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण उशाशी भरलेली बंदूक घरातल्याच माणसांना जास्त धोक्याची आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

10. बिनपरवाना कट्ट्याने (गावठी पिस्तुलाने) स्वतःचा जीव वाचवला तर?

दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या जातात. हल्ला खरा होता आणि बळ गरजेपुरतं होतं, तर त्या कृतीसाठी स्वसंरक्षणाचा बचाव हत्यार बेकायदा आहे एवढ्यावरून जात नाही. पण हत्यार बाळगल्याचा गुन्हा उरतोच. शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे त्याला किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद होऊ शकते. शिवाय कट्टा आधीपासून का होता, या प्रश्नाने तुमचा सगळा बचाव संशयात येतो.

11. कोयता, तलवार, मिरची स्प्रे यांचं काय?

घरकाम आणि शेतीची हत्यारं, म्हणजे विळा, कोयता, कुऱ्हाड, सुरी, घरी असण्यात गैर काही नाही. तलवार, खंजीर किंवा 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पात्याची, घर-शेती-उद्योगाच्या कामाची नसलेली हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. भिंतीवर शोभेला लावलेली धारदार तलवारही अडचणीत आणू शकते. मिरची स्प्रेला परवाना लागत नाही. जीव घेत नाही, पळायला वेळ देतो, म्हणून बहुतेक घरांसाठी आम्ही तोच सुचवू. किरकोळ भांडणात तोंडावर मारलात तर तोही गुन्हाच.

12. कुंपणात वीज सोडली किंवा सापळा लावला तर चालेल?

नाही. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्याचा 1963 चा निकाल आहे. शेजारच्या बाईच्या शौचालयाची भिंत पडली म्हणून ती आरोपीचं शौचालय वापरू लागली. त्याने नको म्हणून सांगितलं, आणि मग वाटेत तांब्याची उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. सूचना नाही, फलक नाही. बाई तारेला लागून मेली. अतिक्रमण करणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तारेला चोर आणि चेंडू शोधायला आलेलं पोर यांतला फरक कळत नाही.

13. चोर हाती लागला. लोक आल्यावर त्याला खांबाला बांधून मारलं तर?

तो मारहाणीचा गुन्हा, आणि मेला तर खुनाचा. पकडल्यावर धोका संपलेला असतो (प्रश्न 4). समोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही आरोपीला धरू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पळू नये म्हणून अडवून ठेवणं आणि जमावाच्या हवाली करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्या गर्दीत कोणी हात उचलायला लागलं तर थांबवा.

14. हल्ला करणारा मनोरुग्ण, लहान मुलगा किंवा दारू प्यालेला असेल तर?

त्याला शिक्षा होणार नसली तरी तुमचा बचावाचा हक्क तोच राहतो, हे कलम 36 सांगतं. त्यातलंच एक उदाहरण पाहा: तुम्ही रात्री, जायचा अधिकार असलेल्या घरात जाता आणि आतला माणूस चोर समजून तुमच्यावर धावून येतो. त्याची चूक सद्भावनेची असली तरी तुम्ही स्वतःला वाचवू शकता. अर्थात मुलाला किंवा भ्रमिष्ट माणसाला आवरायला सहसा कमी बळ पुरतं, आणि कोर्टही तसंच पाहील.

15. दारावर पोलीस असतील तर?

पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध हा हक्क नाही. कारवाईत तांत्रिक त्रुटी असली तरीही नाही. अपवाद म्हणजे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती. समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसं समजायला कारणही नसेल, तर हक्क जात नाही. तोतया असेल अशी शंका आली तर दार न उघडता 112 वर खात्री करून घ्या.

16. हल्लेखोर घरातलाच आहे. नवरा रोज मारतो.

हक्क कोणाही हल्लेखोराविरुद्ध आहे. नातं आडवं येत नाही. नवरा गळा दाबत असेल, अंगावर रॉकेल ओतत असेल, तर कलम 38 तुमच्याही बाजूला उभं आहे. अवघड जागा ही की वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई पुष्कळदा तो झोपल्यावर किंवा पाठ फिरवल्यावर वार करते, आणि त्या क्षणी हल्ला चालू नसल्याने हा बचाव टिकवणं कठीण होतं. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे. म्हणून 112 किंवा महिलांसाठीची 181 हेल्पलाइन आधीच वापरा, जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करा, कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली संरक्षण आदेश मागा.

17. भाडेकरू घर सोडत नाही, भाऊ हिश्शात घुसलाय. हाच हक्क लागू होतो का?

नाही. ताबा स्थिरावलेला असेल तर तो कोर्टातून काढायचा. हत्यार घेऊन गेलात तर हल्लेखोर तुम्ही ठरता, आणि बचावाचा हक्क समोरच्याला मिळतो.

18. कायदा परवानगी देतो, म्हणून टीव्ही वाचवायला जीव घ्यावा का?

आमचं उत्तर: नाही. रात्रीच्या घरफोडीत कायदा पुढपर्यंत जाऊ देतो, कारण त्या क्षणी आत आलेल्याचा हेतू घरच्यांना कळू शकत नाही. मालमत्ता जिवाइतकी मोलाची आहे, असं त्यातून निघत नाही. तो कपाटाशी आहे, तुम्ही दुसऱ्या खोलीत कडी लावून आहात, पोलीस निघाले आहेत, तर दागिने जाऊ द्या. मुलाच्या खोलीकडे वळला तर मात्र मागेपुढे पाहू नका, आणि नंतर त्याचा अपराधी भाव बाळगू नका. ज्यांच्या हातून खरोखर माणूस मेला आहे, त्यांना निर्दोष सुटल्यावरही झोप लागत नाही. अशांनी समुपदेशकाची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

19. घटना घडून गेल्यावर लगेच काय करायचं?

112 ला फोन. जखमी जिवंत असेल तर 108 ची रुग्णवाहिका, तो चोर असला तरी. हत्याराला, रक्ताला, तुटलेल्या कुलपाला हात लावू नका. पंचनाम्यात तेच तुमच्या बाजूने बोलतं. स्वतःच्या जखमा किरकोळ वाटल्या तरी वैद्यकीय तपासणीत नोंदवून घ्या. सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जाण्याआधी जपा. पोलिसांना खरं सांगा, सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोला. गुन्हा दाखल होईल, कदाचित अटकही होईल. त्याचा अर्थ तुम्ही दोषी ठरलात असा नाही.

20. बचाव सिद्ध कोणी करायचा? मी कोर्टात तो मांडलाच नाही तर?

भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 108 प्रमाणे भार तुमच्यावर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका जड नसतो. तुमचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. साक्षीदार हवेतच असं नाही, फिर्यादीच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते दाखवता येतं. आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने मुन्शी राम खटल्यात सांगितल्याप्रमाणे, आरोपीने हा बचाव स्वतःहून घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाला त्याचा विचार करता येतो. म्हणून घाबरून 'मी तिथे नव्हतोच' असं खोटं सांगू नका. अशा खोट्यामुळे खरा बचाव मांडणं फार अवघड होऊन बसतं.